चालवायला जुनी स्पोर्ट्‌स कार: एमएक्स-५ एनबी, एमआर२ की बॉक्सस्टर ९८६?

रीडिंगकर

मुक्काम रीडिंग, यूके. गॅरेज नाही, गाडी बारा महिने रस्त्यावर उभी राहणार. टप उघडता येणारी, मागच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल गिअरची जुनी दोन सीटर घ्यायची आहे. बजेट ४,००० पौंड, शिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी १,००० वेगळे. वर्षाला साधारण ५,००० मैल होतील: सुट्टीला वेल्स किंवा पीक डिस्ट्रिक्ट, आठवड्यातून दोनदा ऑफिस, महिन्यातून एखादी लंडन फेरी.

पांघरूण घालून जपायची गाडी नको. पावसात न्यायची, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लावायची, शेजारच्या गाडीचं दार लागलं तरी झोप उडायला नको. माझ्या यादीत माझदा एमएक्स-५ (दुसरी पिढी, एनबी), टोयोटा एमआर२ रोडस्टर आणि पोर्शा बॉक्सस्टर ९८६ आहेत. कोणती घ्यावी? आणि कमी मैलांची शोधू की जास्त मैलांची चालेल?

आणखी एक. पुढेमागे पुण्याला परतलो तर सोबत नेता येईल का?

टपउघडा

एमएक्स-५ एनबी घ्या. जमल्यास २००१ च्या फेसलिफ्टनंतरची १.८. त्या इंजिनाला व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे, ताकद साधारण १४६ पीएस (अश्वशक्ती). १.६ मिळाली तरी नाक मुरडू नका, ११० पीएस या वजनाला पुरतात. पहिली पिढी (एनए, १९८९ ते १९९७, उघडझाप होणाऱ्या दिव्यांची) सोडून द्या. तिचे भाव चढले आहेत आणि ती जपून ठेवणाऱ्यांच्या हातात गेली आहे.

मैलांचं म्हणाल तर आकडा विसरा, पत्रा बघा. ४०,००० मैल झालेली पण दर हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यावर (इथे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात) उभी राहिलेली एनबी ही १,२०,००० मैलांच्या, खालून कोरड्या एनबीपेक्षा हमखास महाग पडते. इंजिनाची झीज पान्याने निघते, पत्र्याला वेल्डिंगच लागतं. शिवाय कमी मैलांच्या गाडीची किंमत त्या आकड्यावरच उभी असते. प्रत्येक फेरीला ती थोडी उतरणार, म्हणजे तुम्हाला नको असलेला घोर पहिल्याच दिवशी मागे लागणार. लिमिटेड एडिशनचंही तेच. साध्या रंगाची, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली, दारावर एखादा पोचा असलेली गाडी तुमच्या कामाची.

आता गंज कुठे आणि का धरतो ते सांगतो, कारण एनबीचं सगळं गणित तिथेच सुटतं.

पहिली जागा मागच्या चाकापुढचा सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी. टपावरचं पावसाचं पाणी मागच्या कडेच्या पन्हाळीत येतं. तिथून सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबाजवळच्या रबरी नळ्यांतून खाली उतरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं. झाडाखाली उभ्या गाडीत या नळ्या पानांच्या चिखलाने तुंबतात. मग पाणी आत सांडतं, सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेर रंगाचा पहिला फोड दिसतो तोवर आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

दुसरी जागा जास्त वाईट: पुढच्या चासीचे दोन लांब दांडे, ज्यांना इथे चासी लेग म्हणतात. एनबीत या दांड्यांच्या आत मजबुतीसाठी पत्र्याचा आणखी एक थर आहे. दोन थरांमध्ये ओल आणि मीठ अडकतं, सुकायला वाव नाही. सडणं खालच्या भागात, पुढच्या सबफ्रेमच्या (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) आसपास सुरू होतं. एमओटीत (इथल्या वार्षिक सक्तीच्या तपासणीत) सस्पेन्शन किंवा सबफ्रेमच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा खिळखिळा झालेला सापडला की गाडी नापास. सिल बदलणारे वेल्डर गल्लोगल्ली मिळतील. चासी लेगला आजूबाजूचं बरंच सामान सोडवावं लागतं, मजुरी तिथेच चढते.

बाकी यांत्रिक भाग सोपे आहेत. लोखंडी ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड, टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना. बेल्टचं वय माहीत नसेल तर पावतीची वाट न बघता बदला. सोबत वॉटर पंप, टेन्शनर, आयडलर पुली आणि कॅम-क्रँकची ऑइल सील घाला. समोरचा भाग पुन्हा उघडण्याची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी मूळची काळी असते. ती शेवाळी-तपकिरी दिसायला लागली की प्लास्टिक कडक झालं, आज ना उद्या तडकणार. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (क्लच पेडलचा दाब मास्टर सिलिंडरकडून या स्लेव्हला पोचतो) हाही नेहमीचा रुग्ण. त्याचं रबरी बूट बोटाने मागे सारून बघा, आत ओल असेल तर गळतोय. भाग स्वस्त आहे, पण नुसता स्लेव्ह बदलला की जुना मास्टरही बऱ्याचदा लवकरच गळायला लागतो, म्हणून जोडीने बदलतात.

मागचे ब्रेक कॅलिपर अडकतात, विशेषतः न चालवलेल्या गाडीत. हँडब्रेक सैल वाटला की लोक केबल ताणतात. ते चूक. आधी कॅलिपरच्या मागचा १४ मिमीचा बोल्ट काढा, आत अॅलन की घाला, पॅड डिस्कला जेमतेम टेकेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि तिथून एक तृतीयांश फेरा मागे घ्या. दोन्ही बाजूंना केल्यावरच केबलला हात लावा.

पुण्याचं उत्तर: नाही. वापरलेली गाडी भारतात आयात करायची तर ती उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. इथेच चालवा, इथेच विका.

मधलं_इंजिन

वरचं सगळं पटतं, पण एमआर२ ला एवढ्यावर बाद करू नका. इंजिन सीटच्या मागे, वजन १,००० किलोच्या आसपास, १.८ लिटर १झेडझेड इंजिन, १४० पीएस, टायमिंग चेन. स्टिअरिंगला जी हलकी, थेट पकड आहे ती या पैशात दुसरीकडे नाही. गंजाच्या बाबतीतही एनबीपेक्षा बरी. मागचा सबफ्रेम आणि आडवा दांडा तेवढा बघा.

तिचा खरा रोग इंजिनात आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. २००३ च्या फेसलिफ्टच्या आधीच्या इंजिनात पिस्टनच्या ऑइल रिंगमागची तेल परतीची भोकं बारीक आहेत. ती कार्बनने बुजतात, रिंगा चिकटतात, इंजिन तेल पिऊ लागतं. जळलेलं तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधल्या दोन छोट्या प्री-कॅटवर (मुख्य कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधीचे छोटे कन्व्हर्टर) बसतं, त्यांची जाळी ठिसूळ होऊन भुगा होते, आणि तो भुगा परत सिलिंडरमध्ये ओढला जातो. तिथून पुढे इंजिनाचे दिवस मोजायचे.

तपासायचं असं: इंजिन थंड असताना मॅनिफोल्डवरचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर काढा आणि भोकातून एंडोस्कोप घाला. जाळी अखंड, मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसली पाहिजे. कडा तुटलेल्या किंवा पोकळी दिसली तर गाडी सोडा. विकणारा सेन्सर काढू देत नसेल तर निदान डिपस्टिक बघा आणि शेवटच्या सर्व्हिसनंतर किती तेल वर घातलं ते विचारा. १,००० मैलांना एक लिटर लागत असेल तर सरळ निरोप घ्या. बरेच मालक प्री-कॅट नसलेलं मॅनिफोल्ड बसवून घेतात. तसं असेल तर ते कधी बसवलं ते विचारा, आणि पुढचा मुख्य कॅट शाबूत आहे ना ते पाहा, कारण एमओटीची धूरचाचणी त्याच्यावर आहे.

दोन गोष्टी तुमच्या वापराला अडतील. डिकी नाहीच: सीटमागे कुलपाचे दोन कप्पे आणि पुढे स्टेपनीभोवतीची जागा. वेल्सला दोघांचं दोन दिवसांचं सामान मऊ पिशव्यांतच न्यावं लागेल. दुसरं, मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत आणि ते घासलेले असताना ओल्या वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू पटकन सुटते. या गाडीत मागच्या टायरवर पैसे वाचवू नयेत.

पाना_दहाचा

बॉक्सस्टरबद्दल थोडक्यात. ४,००० मध्ये ९८६ मिळते, चालवायला तिघींत सर्वांत श्रीमंत आहे, आणि तुमच्या १,००० मध्ये ती बसणार नाही.

सगळे आयएमएस बेअरिंगला (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगला) घाबरतात. सुरुवातीच्या २.५ ला दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते जास्त टिकाऊ. साधारण २००० पासून एकेरी ओळीचं आलं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच आणि मागच्या मेन सीलच्या कामातच ते उरकतात. ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून बघितल्या आणि त्यांत चमकणारा चुरा नसला तर निम्मी भीती कमी होते.

खिसा रिकामा करणारी कामं वेगळीच आहेत. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत पानं साठतात, एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये कुजतात आणि दोन्ही खातात. साफ करायला बंपर काढावा लागतो. इग्निशन कॉइल सहा, त्यांना तडे जातात आणि दमट सकाळी मिसफायर सुरू होतो. टपाच्या खालच्या पाण्याच्या वाटा तुंबल्या की पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या डब्यात जातं आणि गाडी चालूच होत नाही. इंजिन ऑइल आठ लिटरहून जास्त. यातलं एकही काम अवघड नाही, पण प्रत्येकाचं बिल पोर्शाचं आहे. रस्त्यावर, झाडाखाली उभी राहणार असेल तर ही गाडी नको.

कागदवाला

गाडीइतकेच कागद बघा, कारण निर्धास्तपणा निम्मा तिथून येतो.

यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा लंडनचा विभाग, २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये (पालिका विभागांत) आहे. नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड. पेट्रोलला युरो ४ हा उत्सर्जनाचा दर्जा लागतो. तो २००५-०६ च्या आसपास सक्तीचा झाला, पण त्याआधीच्या अनेक गाड्याही उत्सर्जनात बसतात. एकाच वर्षाच्या दोन एनबींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. जाहिरातीवर विसंबू नका, टीएफएलच्या (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन) साइटवर त्या गाडीचा नंबर टाकून बघा.

रोड टॅक्सची रेघ १ मार्च २००१ ला आहे. त्याआधी नोंदलेल्या गाडीला इंजिनाच्या आकारावर कर आणि सीमा १,५४९ सीसी, म्हणजे १.६ आणि १.८ दोघींना एकच दर. त्यानंतरच्या गाडीला कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर. कराचा आकडाही नंबर टाकूनच काढा.

विमा. साध्या पॉलिसीत गाडीचा बाजारभाव धरतात. ३,००० पौंडांच्या गाडीचा बंपर, दिवा आणि मडगार्ड गेलं की दुरुस्ती भावाच्या जवळ पोचते आणि चालणारी गाडी कंपनी राइट-ऑफ करते, म्हणजे दुरुस्त न करता भरपाई देऊन मोकळी होते. त्यासाठी ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ची पॉलिसी मागा. फोटो आणि थोडे कागद द्यावे लागतात, पण आकडा आधीच ठरतो. ऑफिसला नेणार असाल तर तो वापर पॉलिसीत लिहून घ्या. आधीच्या मालकाने बदललेली चाकं, स्प्रिंग, सायलेन्सर, मॅनिफोल्ड सगळं कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

‘कॅटेगरी एन’ची, म्हणजे पूर्वी राइट-ऑफ होऊन दुरुस्त झालेली, गाडीही विचारात घ्या. ऑक्टोबर २०१७ पासून एन म्हणजे सांगाड्याला धक्का नसलेलं नुकसान आणि एस म्हणजे सांगाड्याचं. नीट दुरुस्त केलेली, दुरुस्तीआधीचे फोटो असलेली एन गाडी स्वस्त मिळते. विकताना तुम्हालाही कमी मिळतील हे धरूनच घ्या. एसपासून लांब राहा.

रीडिंगकर

सर्वांचे आभार, एनबीच घेतो. एक सापडली आहे: २००२ ची १.८, पाच गिअर, १,१२,००० मैल, मागणी २,६०० पौंड, नंबर यूलेझमध्ये बसतो. एमओटीचा इतिहास काढला. २०१९ आणि २०२१ मध्ये ‘पुढच्या दोन्ही चासी लेगना किंचित गंज’ अशी सूचना. २०२२ मध्ये ती सूचना गायब आणि ‘खालचा भाग अंडरसीलने (गाडीखालच्या पत्र्यावर मारायच्या लेपाने) झाकलेला’ असा शेरा. त्यानंतर सलग स्वच्छ पास. मालक म्हणतो गंजावर उपचार केला आहे. शनिवारी बघायला जायचं आहे.

टपउघडा

तो २०२२ चा शेरा पुन्हा वाचा. तपासनीस म्हणतोय की त्याला पत्रा दिसला नाही. एमओटीत अंडरसील काढून बघत नाहीत, म्हणून नंतरचे स्वच्छ पास चासी लेगबद्दल काहीच सांगत नाहीत. गंज स्वतःहून जात नाही. तो कापून नवा पत्रा घातला असेल तर वेल्डरची पावती आणि कामाचे फोटो असतील. मालकाला आजच फोनवर विचारा. ‘उपचार’ म्हणजे नुसता काळा लेप असेल तर शनिवार वाचवा.

फोटो असतील तर जा. हातातली बॅटरी (टॉर्च), १० मिमीचं सॉकेट, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आणि पाण्याची एक लिटरची बाटली सोबत घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड हवेतच. मालकाच्या परवानगीने इंजिनाखालचं प्लास्टिक सोडवा, बोल्ट १० मिमीचेच आहेत. लेगच्या खालच्या बाजूवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चार-चार बोटांवर ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो, आणि अंडरसीलखाली पापुद्रे सुटलेले असले तर ठोक्यासरशी बोटाला कुरकुर जाणवते. टोचू नका, ती गाडी अजून दुसऱ्याची आहे.

सिलवर चुंबक मागच्या चाकापासून दारापर्यंत सरकवा. एकाएकी पकड सुटली की तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे. सिलच्या खालची जोडकड बोटांनी चाचपा. मूळ कडेवर स्पॉट वेल्डचे गोल खड्डे ठरावीक अंतरावर लागतात. ते नसतील तर सिल बदललेला आहे. बदललेला सिल वाईट नाही. आतला पत्रा नवा न घालता बाहेरून ठिगळ मारलं असेल तर ते दोन हिवाळे टिकणार नाही.

टप अर्धा उघडा आणि मागच्या पन्हाळीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी हळू ओता. ते मागच्या चाकापुढे लगेच पडायला हवं. पडलं नाही तर सीटमागचं कार्पेट दाबा, बोटं ओली होतील. टपाच्या फाटण्याच्या जागा दोन: दारांच्या वरची घडी आणि मागच्या काचेची कडा.

इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं सांगा आणि पोचल्यावर रेडिएटरच्या नळीला हात लावून खात्री करा. एनबीच्या डॅशबोर्डवर फार विसंबू नका. ऑइल प्रेशरचा काटा खरा दाब दाखवत नाही, तो स्विचवर चालतो. तापमानाचा काटाही बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमधच बसतो. कूलंटचा रंग जास्त खरं सांगेल. गंजाच्या पाण्यासारखा दिसला तर पुढे काही बघायला नको.

थंड गाडीत दुसरा गिअर थोडा कडक लागतो, ते या गिअरबॉक्सचं नेहमीचं आहे. गरम झाल्यावरही खरखरत असेल तर सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) गेला. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही असली तरी असे टायर पहिल्याच महिन्यात बदला. शेवटी, मागच्या लोअर आर्मचे अलाइनमेंटचे लांब बोल्ट बघा. ते बुशमध्ये गंजून बसले की अलाइनमेंट होतच नाही आणि कापून काढावे लागतात. एवढ्यासाठी गाडी नाकारू नका, भावात धरा.

पाना_दहाचा

घेतलीत तर टायमिंग बेल्ट आणि बाकीचं सगळं नंतर, आधी पत्रा. सलग दोन-तीन कोरडे दिवस बघून गाडी खालून धुवा, सुकू द्या, आणि लांब नळीच्या नोझलने दोन्ही सिल आणि दोन्ही चासी लेगच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. खालच्या भोकांतून ते ठिबकेपर्यंत थांबू नका आणि नंतर ती भोकं मोकळी आहेत ना हे बघा. वॅक्सनेच ती बुजली तर पाणी पुन्हा आत साचणार. पानगळ सुरू झाली की टपाच्या नळ्या महिन्यातून एकदा मऊ प्लास्टिकच्या दोरीने मोकळ्या करा. लोखंडी तार घातलीत तर नळीचं रबर फाटतं.

मग तेलं. पाच गिअरच्या बॉक्सला ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, दोन लिटर. डिफरन्शियलला जीएल-५, एक लिटर. दोन्ही ठिकाणी वरचा भरायचा प्लग आधी सुटतो का ते बघा आणि मगच खालचा उघडा. नाहीतर तेल काढून बसाल आणि भरायला वाट नसेल. इंजिनाला फिल्टरसकट चार लिटरच्या आसपास. डिपस्टिक बघत भरा.

आणि गिअर लिव्हरखाली तेलाची एक वेगळी छोटी कुंडी आहे. गिअरबॉक्सचं तेल बदलणारे बहुतेक जण तिला विसरतात आणि मग गिअर कडक म्हणून तक्रार करतात. कन्सोल काढा, रबरी बूट उचला, लिव्हरचे तीन बोल्ट सोडवून तो वर काढा. आतलं जुनं तेल सिरिंजने ओढून घ्या आणि गिअरबॉक्सचंच ताजं तेल ८० ते ९० मिली घाला. खालचं छोटं बूट फाटलेलं असेल तर त्याच वेळी नवीन बसवा. बंद टपात पायाशी गरम हवा आणि तेलाचा वास तिथूनच येतो.